वाल्याचे रांजण

वाल्या कोळ्याची कथा ज्याने ऐकली नाही असा मराठी माणूस विरळा. वाटसरूंना मारून तो त्यांचे द्रव्य लुटी आणि प्रत्येक हत्येमागे रांजणात एक खडा टाकी. असे सात रांजण भरले. पुढे नारदाने त्यास विचारले, 'ज्यांच्यासाठी हे करतोस, ते तुझ्या पापाचे वाटेकरी होतील काय?' वाल्या घरी गेला. घरच्यांनी द्रव्यातील वाटा मान्य केला, पापातील नाकारला. लहानपणी ही कथा ऐकताना आमचे सारे लक्ष 'मरा मरा'चे 'राम राम' कसे होते, या चमत्काराकडे असे. आता पस्तिशी ओलांडताना मन त्या रांजणांपाशी घोटाळते. वाल्या लुटारू खरा. परंतु तो मोजत होता. आपल्या हातून किती झाले, हे त्यास ठाऊक होते. आमच्यासारख्या शिकल्यासवरलेल्या, पापभीरू, नेमस्त माणसांच्या घरी असा एखादा रांजण आहे काय, हा प्रश्न गेल्या संक्रांतीच्या सुट्टीत एका अगदी क्षुल्लक प्रसंगाने आमच्यापुढे उभा केला. प्रसंग आधी सांगतो; प्रश्नाकडे मागाहून वळू.

रायपूरहून बिलासपूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर बारा-पंधरा किलोमीटरांवर सिलतरा लागते. नाव एका खेड्याचे. पण आज ते उच्चारताच डोळ्यांपुढे उभी राहतात ती धुराडी. येथे स्पंज आयर्नचे कारखाने आहेत. लोहखनिज आणि दगडी कोळसा एका लांबलचक, सावकाश फिरणाऱ्या भट्टीत घालून हजार अंशांच्या आसपास तापवितात. खनिजातील प्राणवायू निघून जातो आणि सच्छिद्र लोखंड मागे उरते. या साऱ्या खटाटोपात जी काळी धूळ उडते तिचा काही अंश आमच्या अंगणात उतरतो. दाराशी रांगोळी काढावयाची तर आधी अंगण दोनदा झाडावे लागते. तुळशीची पाने ओल्या फडक्याने पुसावी लागतात. वाळत घातलेले धोतर दुपारपर्यंत आत घेतले नाही तर पुन्हा धुवावे लागते.

आम्ही केंद्र सरकारच्या नोकरीतील कारकून. कामाचा बराचसा भाग या कारखान्यांच्या कागदपत्रांचा. त्यांचे प्रतिनिधी कार्यालयात येतात, आम्हांस 'बडे बाबू' म्हणतात, चहा घेतात. गप्पांच्या ओघात धुळीचा विषय निघाला तर प्रत्येकाचे उत्तर ठरलेले: 'बडे बाबू, आमची धूळ मर्यादेच्या आत आहे.' यांत सारेच खोटे बोलत असतील असे आम्हांस वाटत नाही. प्रत्येकाची धूळ मर्यादेच्या आत, आणि तुळस मात्र काळी, असा हा हिशेब आहे. तो सुटत नाही म्हणून आम्ही चार मराठी कुटुंबे संध्याकाळी ओट्यावर बसून कारखानदारांस शिव्या देतो. परमुलखात चार घरे एकत्र आली की गावाकडच्या आठवणी आणि इथल्या गैरसोयी, हे दोन विषय पुरून उरतात.

याच ओट्यावर बेत ठरला की, संक्रांतीला जोडून रजा घ्यावी, जगन्नाथाचे दर्शन करावे आणि तेथून चिल्का सरोवरातील डॉल्फिन पाहून यावे. आमच्या मुलांनी समुद्र पाहिला नव्हता. रायपूरहून पुरीस थेट गाडी आहे. एका रात्रीचा प्रवास. छत्तीसगडातील माणूस जितक्या सहजपणे पुरीस जातो तितक्या सहजपणे आपल्याकडचा पंढरपुरासही जात नसेल.

पुरीच्या सिंहद्वारासमोर एकसंध दगडाचा उंच अरुणस्तंभ आहे. तो मूळचा कोणार्कच्या सूर्यमंदिरापुढचा. १७५१ पासून १८०३ पर्यंत ओडिशात नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता. त्या काळात तो कोणार्कहून हलवून येथे उभा करण्यात आला. आमच्यातील वडीलधाऱ्या सहकाऱ्यांनी मुलांस हे मोठ्या अभिमानाने सांगितले. आमची आठ वर्षांची कन्या म्हणाली, "म्हणजे तिथला उचलून आणला का, काका?" काकांनी "उजाड पडला होता गं, इथे त्याची पूजा तरी होते," असे उत्तर दिले. ते चुकीचे होते असेही नाही. पण 'तिथला उचलून आणला का' हा प्रश्न परतीच्या वाटेवर आमच्यामागे लागणार आहे, हे तेव्हा कोणास ठाऊक होते?

दुसऱ्या दिवशी पुरीहून पन्नासएक किलोमीटरांवरील सातपाडा या गावी गेलो. येथून चिल्क्यात नावा जातात. चिल्का हे खाऱ्या आणि गोड्या पाण्याचा मिलाफ असलेले विस्तीर्ण सरोवर. उन्हाळ्यात सुमारे ९०० चौरस किलोमीटर, तर पावसाळ्यात अकराशेहून अधिक. १९८१ साली जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत भारतातील ज्या पहिल्या दोन जागांची नोंद झाली त्यांपैकी हे एक. येथील इरावती डॉल्फिनला चोच नसते. डोके वाटोळे, पाठीवरचा पर लहान, रंग राखी. साऱ्या सरोवरात त्यांची संख्या दीडशेच्या आसपास. रायपुरातील एखाद्या शाळेच्या दोन-तीन वर्गांत मावतील इतकेच.

आमच्या नावेवर नावाडी होता आणि मार्गदर्शक म्हणून त्याचाच एक भाऊबंद. डॉल्फिनची पाठ दिसताच त्याने इंजिन मंद करावयास लावले आणि नाव दूर ठेवली. ती राखी पाठ क्षणभर पाण्यावर आली, तिने एक श्वास टाकला आणि ती नाहीशी झाली. आमच्यातील एकाचा मोबाइल उघडेपर्यंत सारे संपले होते. "आणखी जवळ घे," आम्ही म्हणालो. मार्गदर्शकाने हात जोडून सांगितले की, जवळ गेले तर ती दूर जातात, शिवाय पंख्याचे पाते लागते. तेवढ्यात दुसरी एक नाव भरधाव पुढे गेली. मग आमच्या नावाड्यानेही इंजिनाचा वेग वाढविला. कारण आम्ही कुरकुर करू लागलो होतो आणि वर मिळणारे पैसे आमच्या हाती होते. त्या दुपारी एका डॉल्फिनमागे पाच नावा होत्या. प्रत्येक नाव एकच होती.

नंतर नाव सरोवराच्या मुखाकडे गेली. तेथे वाळूची लांबच लांब पट्टी आहे. तिला राजहंस म्हणतात. एका अंगास चिल्क्याचे संथ पाणी, दुसऱ्या अंगास बंगालचा उपसागर, मधे केवळ वाळू आणि थोडी झाडी. आम्ही नावेतून तेथे उतरलो. वस्तीची चाहूल नाही, दुकानाची पाटी नाही. लाल खेकड्यांचे थवे पावलांच्या चाहुलीने असे बिळांत शिरत की, वाळूच क्षणभर लाल होऊन विझल्यासारखी वाटे. ज्या माणसाने गेली सहा वर्षे राखेच्या रंगाचे आकाश पाहिले, त्याला तेथे उभे राहिल्यावर काय वाटले ते लिहून कळवण्याजोगे नाही. आमच्या घरातून पहिल्यांदाच कोणी काही बोलले नाही.

उतरताना मार्गदर्शकाने हिंदीत एवढेच सांगितले होते: "जो ज़िंदा है, उसको मत उठाइए."

थोडे चालून गेल्यावर वाळूवर एक मेलेले कासव दिसले. ऑलिव्ह रिडले जातीचे. पाठ हातभर रुंद असावी. ही कासवे हिवाळ्यात लाखोंच्या संख्येने ओडिशाच्या किनाऱ्याकडे येतात आणि ट्रॉलरच्या जाळ्यांत अडकून, श्वासासाठी वर येता न आल्याने, गुदमरून मरतात. म्हणूनच धामरा, देवी आणि ऋषिकुल्या या नद्यांच्या मुखांसमोर १ नोव्हेंबर ते ३१ मे या काळात किनाऱ्यापासून २० किलोमीटरांपर्यंत मासेमारीस बंदी असते. आम्ही त्या कासवाभोवती उभे राहिलो. बायका हळहळल्या. ट्रॉलरवाल्यांच्या लोभावर आमच्यातील एकाने चांगले दहा मिनिटे भाषण केले, आणि आम्ही माना डोलाविल्या. सिलतऱ्याच्या ओट्यावरची बैठक जणू तेथे भरली होती.

त्याच वेळी आमच्या कन्येच्या हातात एक शंख होता. पिवळसर, तपकिरी रेषांचा, लिंबाएवढा. त्याच्या तोंडाशी एक जांभळट नांगी घट्ट मिटून बसली होती. वडीलधाऱ्या सहकाऱ्यांनी ती पाहिली आणि ते म्हणाले, "असू दे, आपोआप निघून जाईल." दुसऱ्या एका घरच्या वहिनींनी चिवड्याचा रिकामा डबा पुढे केला, त्यात इतर शिंपल्यांबरोबर हाही गेला. मार्गदर्शकाने पाहिले, त्याने तोंड उघडले आणि मिटले, कारण हिशेब अद्याप चुकता व्हावयाचा होता. आम्ही, म्हणजे प्रस्तुत लेखक, धक्क्यावर परतल्यावर डबा हातात घेतला तेव्हा आत काहीतरी खरवडल्याचा आवाज ऐकला. आवाज कशाचा हे आम्हांस तत्काळ कळले. परंतु पुरीस जाणारी गाडी उभी होती, रात्रीची रेल्वे गाठावयाची होती, मुलगी आनंदात होती. आम्ही डबा पिशवीत ठेवला.

रात्री संबलपूरच्या पुढे केव्हातरी बर्थखाली तो आवाज पुन्हा येऊ लागला. कन्येने डबा उघडला तो शंख चालत होता! सारा डबा जागा झाला. कोणी पिण्याचे पाणी घातले, कोणी जेवणाच्या पुडीतील मीठ त्यात विरघळविले. कांटाबांजीस उजाडले तेव्हा तो किंचित हलत होता. महासमुंदला हलत नव्हता. सिलतऱ्याच्या घरी पोचून पाहिले तर आतला जीव निम्मा शंखाबाहेर लोंबत होता, मऊ आणि निर्जीव. कन्या रडली नाही. तिने आम्हा चौघा मोठ्यांकडे आळीपाळीने पाहिले आणि विचारले, "बाबा, ह्याला कोणी मारलं?"

उत्तर देणे सोपे आहे असे वाटले. पण प्रत्येक जण उत्तर देऊ लागला तेव्हा नवल घडले. जिने उचलला ते मूल अजाण. ज्यांनी 'निघून जाईल' म्हटले त्यांनी हातही लावला नव्हता. जिने डबा दिला तिने नांगी पाहिली नव्हती. मार्गदर्शक पोटार्थी. लेखकाने आवाज ऐकला, पण तोवर नाव किनारा सोडून आली होती. प्रत्येकाचे म्हणणे खरे होते. प्रत्येकाची धूळ मर्यादेच्या आत होती. आणि खेकडा मेला होता.

वाचक म्हणतील, एका खेकड्यासाठी एवढे स्तोम कशाला? कोकणात तर त्याचे कालवण करतात. रास्त आक्षेप आहे. भुकेपोटी खाणाऱ्यावर आमचा रोख नाही. खाणारा निदान आपण काय केले ते जाणतो. आमचा खेकडा भुकेसाठी मेला नाही, हौसेसाठीही मेला नाही. कोणी त्याला मारावयाचे ठरविलेच नव्हते. कोणी न ठरविताही एखादी हत्या यथासांग पार पडावी, हेच आम्हांस भयंकर वाटते.

त्या प्राण्याविषयी मागाहून वाचले आणि अधिकच ओशाळलो. या खेकड्याचे पोट मऊ असते, त्यावर कवच नसते. म्हणून तो मेलेल्या गोगलगाईचा रिकामा शंख शोधून त्यात बिऱ्हाड करतो. अंग वाढले की जुना शंख सोडून मोठ्यात जातो. किनाऱ्यावर एखादा मोठा शंख रिकामा सापडला तर कधी कधी लहानमोठे खेकडे आकारमानाने ओळीत उभे राहतात. सर्वांत मोठा नव्या शंखात शिरतो, त्याने सोडलेल्यात दुसरा, त्याच्यात तिसरा. सरकारी नोकरास हे चित्र परके नाही. वरच्या दर्जाचे एक क्वार्टर रिकामे झाले की खालची चार बिऱ्हाडे हलतात! आम्हीही परक्याच्या शंखात राहणारी जात. आणि यातून आणखी एक गोष्ट निघते: किनाऱ्यावरचा रिकामा शंखही बेवारस नसतो. आज रिकामा दिसणारा शंख कोणाचे तरी उद्याचे घर आहे. तेव्हा 'आम्ही फक्त मेलेले शंख उचलले' हेही समर्थन निकालात निघते.

आता प्रश्नाकडे वळू. पाप वाटून घेतले तर ते कमी होते काय? संपत्तीचे वाटे झाले की प्रत्येकाच्या हिश्शास कमी येते. विद्या वाटल्याने कमी होत नाही. पाप या दोहोंपैकी कशासारखे?

इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातील युब्युलिडीज या ग्रीक तार्किकाच्या नावावर एक कोडे सांगतात. वाळूचा एक कण म्हणजे ढीग नव्हे. दोन म्हणजेही नव्हे. एकेक कण वाढवीत गेल्यास कोणत्या कणाने ढीग होतो? असा कण दाखविता येत नाही, म्हणून ढीगच नाही असे म्हणावे लागते. आणि ढीग तर समोर आहे. आपल्याकडे या कोड्याचे उत्तर शाळेतील मूलही जाणते: थेंबे थेंबे तळे साचे. पण थेंबाने तळे साचते हे मान्य करणारा माणूस, थेंबाने तळे नासते हे मान्य करावयास तयार नसतो. चिल्क्याचेच पाहा. वर्षानुवर्षे नद्यांबरोबर गाळ आला. कणाकणाने मुख बुजले, पाण्याचा खारेपणा उतरला, मासळी घटली, पाणवनस्पती माजल्या. १९९३ साली रामसर करारान्वये संकटग्रस्त पाणथळ जागांची जी वेगळी यादी ठेवतात तीत चिल्क्याचे नाव घालावे लागले. कोणत्या कणाने सरोवर आजारी पडले? कोणत्याही नाही, आणि सर्वच.

डेरेक पार्फिट या इंग्रज तत्त्वज्ञाने १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हेच कोडे नीतीच्या क्षेत्रात आणले. त्याने अशी कल्पना केली: हजार छळकर्ते आहेत आणि हजार बळी. पूर्वी प्रत्येक छळकर्ता एकेका बळीच्या यंत्राची कळ हजार वेळा फिरवी. शेवटी वेदना असह्य होई. मग त्यांनी पद्धत बदलली. आता प्रत्येक जण एकच बटण दाबतो आणि हजारही यंत्रांची कळ एकेका घराने पुढे सरकते. एका घराची वाढ कोणत्याही बळीस जाणवत नाही. दिवसाअखेर बळींची वेदना मात्र तीच. आता प्रत्येक छळकर्ता म्हणू शकतो, 'माझ्यामुळे कोणाचेही दुःख जाणवण्याइतके वाढले नाही.' म्हणून ते सारे निर्दोष ठरतात काय? पार्फिटचे म्हणणे असे की, माझ्या एकट्याच्या कृतीने काय झाले एवढेच विचारणे ही नीतीच्या गणितातील चूक आहे; आम्ही मिळून काय केले, हेही विचारले पाहिजे.

हे वाचताना आम्हांस आपल्याकडील जुने ग्रंथ आठवले. मनुस्मृतीने मांसासाठी होणाऱ्या हत्येचे आठ कर्ते मोजले आहेत: मारणारा, कापणारा, विकत घेणारा, विकणारा, शिजविणारा, वाढणारा, खाणारा, आणि या सर्वांच्या आधी नाव घेतले आहे ते संमती देणाऱ्याचे. पतंजलीने हिंसेचे तीन प्रकार केले: स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करविलेली आणि अनुमोदिलेली. आहारासंबंधी किंवा योगासंबंधी येथे काही म्हणावयाचे नाही. लक्षात घेण्याजोगे एवढेच की, या मोजदादीत कोणाच्याही वाट्यास एक अष्टमांश पाप दिलेले नाही. आठांपैकी प्रत्येकास घातकच म्हटले आहे.

यावर कोणी म्हणेल, ही तर अतिशयोक्ती झाली. ज्याने डबा दिला आणि ज्याने गळा आवळला ते एकाच पंक्तीस कसे? न्यायालयसुद्धा तरतमभाव पाहते. हा आक्षेप आम्ही मान्य करतो. झालेल्या हानीचा प्रत्येकाच्या माथी सगळा भार टाकणे न्यायाचे नव्हे. परंतु हानीहून वेगळी अशी एक गोष्ट आहे, तिचे वाटे होत नाहीत. ती म्हणजे थांबविण्याची शक्ती. त्या वाळूवर आम्हांपैकी कोणीही एकाने 'खाली ठेव' असे दोन शब्द उच्चारले असते तर खेकडा जगला असता. ही शक्ती चौघांत पाव-पाव वाटलेली नव्हती. प्रत्येकाजवळ ती संपूर्ण होती. म्हणून न वापरल्याचा दोषही प्रत्येकाचा संपूर्ण आहे. वाल्याच्या घरच्यांनी पापाचा वाटा नाकारला, याबद्दल कथेत त्यांस कोणी बोल लावीत नाही. पण इतकी वर्षे घरात येणारे रक्ताळलेले दागिने पाहून त्यांतील एकानेही 'हे कोठून आणले?' असे विचारले नाही, ही गोष्ट आम्हांस आता कथेतील सर्वांत मोठी वाटते.

या लेखात आरंभापासून आम्ही 'आम्ही' म्हणत आलो. मराठी निबंधाचा तो शिष्टाचार आहे, आणि कार्यालयात तर त्याहून सोयीची रीत आहे: 'निर्णय घेण्यात आला', 'अर्ज नामंजूर करण्यात आला'. वाक्यास कर्ताच नाही! हे सर्वनाम आणि हा प्रयोग, दोन्ही परके शंखच. मऊ पोट झाकावयास फार उपयोगी. पण धक्क्यावर डबा हातात घेऊन जे तोंड गप्प राहिले ते एकच होते, आणि ते कोणाचे हे आम्हांस ठाऊक आहे.

येथवर ठीक. पण पाच नावांचे काय, आणि धुराड्यांचे काय? तेथे एकाने थांबून हत्या थांबत नाही. आमच्या नावाड्याने इंजिन मंद केले होतेच. दुसरी नाव पुढे गेली. एका कारखान्याने भट्टी विझविली तरी तुळस काळीच राहील. मग एकट्याने सोवळे का व्हावे? शिवाय नावाड्याचा संसार त्या फेऱ्यांवर चालतो. आम्ही घरी बसून पुण्यवान व्हावे आणि त्याने उपाशी राहावे, हीही नीती नव्हे.

या प्रश्नाचे उत्तर आम्हांस तत्त्वज्ञानात सापडले नाही. ते एका दोरीत सापडले. रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यात वेळास गाव आहे. नाना फडणविसांचे मूळ गाव. पूर्वी तेथे कासवांची अंडी माणसेही नेत आणि कोल्ही-कुत्रीही. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ सालापासून गावकऱ्यांच्या साहाय्याने तेथे संरक्षणाचे काम सुरू केले. अंडी कुंपणाच्या आत ठेवतात; पिले बाहेर आली की ती पाण्याच्या अलीकडे वाळूवर सोडतात आणि पाहुणे आखलेल्या दोरीमागून ती पाहतात. पाहुण्यांच्या मुक्कामाने गावास चार पैसे मिळतात. पाहणे थांबले नाही; पाहण्यास दोरी आली. अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यावर प्रवासी जहाजे जातात. तेथील करारातील राष्ट्रांनी २००९ साली असे संमत केले की, पाचशेहून अधिक प्रवासी असणाऱ्या जहाजाने कोणासही उतरवू नये आणि एका जागी एका वेळी शंभरांहून अधिक माणसे किनाऱ्यावर असू नयेत. चिल्क्याचेही तसेच. गाळाचा प्रत्येक कण परतविणे कोणास शक्य नव्हते. पण सप्टेंबर २००० मध्ये समुद्राकडे नवे मुख खणण्यात आले, खारे पाणी पुन्हा आत आले, आणि २००२ साली चिल्क्याचे नाव त्या संकटग्रस्तांच्या यादीतून वगळले गेले.

या सर्व ठिकाणी काय घडले? जेथे एकाची शक्ती पुरत नाही तेथे माणसांनी मिळून रांजण ठेवला. शंभरावा माणूस एकशे पहिल्यापेक्षा पुण्यवान नसतो. परंतु कोणीतरी मोजत असल्यावाचून ढीग दिसत नाही, आणि ढीग दिसल्यावाचून कण लाजत नाही. नियम म्हणजे दुसरे काय? अनेकांच्या बारीक बारीक दोषांची एके ठिकाणी केलेली नोंद. आम्ही कारकून आवक-जावक लिहितो, आकडे जुळवितो, शेरे मारतो. लोक आम्हांस हसतात आणि आम्हीही स्वतःस हसतो. पण 'मर्यादेच्या आत' असलेल्या प्रत्येक कागदाशेजारी दुसरा कागद ठेवून बेरीज करणारा कोणीतरी हवा, आणि ती बेरीज वर पाठविण्याचे धैर्य त्यास हवे. ते धैर्य आमच्यात कितपत आहे, हे विचारावयाची पाळी आता आमच्यावर आहे. ओट्यावर शिव्या देणे सोपे होते. आपले ते बाळ्या, दुसऱ्याचे ते कार्टे, ही म्हण धुळीसही लागू पडते.

कन्येस आम्ही उत्तर दिले. "आवाज ऐकूनही मी गप्प बसलो," असे तिला सांगितले. ती थोडा वेळ विचार करून म्हणाली, "मग मी पण. मी तर उचलला." आम्ही तिचा वाटा काढून घेऊ पाहत होतो; तिने तो दिला नाही.

त्या जिवाला आम्ही तुळशीच्या मुळाशी पुरले. शंख खिडकीत आहे. रोज सकाळी त्यावर काळी धूळ बसते आणि कन्या ती पुसते. आषाढात शेजारचे छत्तीसगडी कुटुंब रथयात्रेस पुरीला जाणार आहे. त्यांच्याबरोबर तो शंख पाठवावा आणि समुद्राकाठी वाळूवर ठेवावयास सांगावे, असे ठरले आहे. परवा पाहतो तो कन्या दात घासण्याच्या जुन्या ब्रशने त्याची आतली वळणे खसखसून धूत बसली होती. एवढे कशाला, असे विचारले तेव्हा म्हणाली, "बाबा, बदली झाली की आपण क्वार्टर धुऊन देतो ना? यात आता दुसरं कोणीतरी राहायला येईल."